बॉक्स कट ते पहिला डंप: नव्या खुल्या खाणीत उतार कसे सांभाळायचे

चंद्रपूर, वणी, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यात नवी खुली खाण उघडली की पहिल्या वर्षी साइटवर एकच प्रश्न फिरत असतो: कोळसा कधी लागणार? उताराची काळजी पुढे, खड्डा खोल झाल्यावर करायची, असा समज त्यात मुरत जातो. खरं तर पहिलाच कट, म्हणजे खाण उघडणारा बॉक्स कट, सगळ्यात कमकुवत थरांतून जातो. काळी माती, गाळाची जमीन, मुरूम, कुजलेला खडक, सगळं वरच असतं. शिवाय त्या उताराचा कसलाच इतिहास आपल्याकडे नसतो. दहा वर्षं चाललेल्या खाणीत कुठली बाजू दर पावसाळ्यात सरकते हे जुना ओव्हरमन (खाणीतला पर्यवेक्षक) सांगू शकतो. नव्या खाणीत ते सांगणारं कोणी नसतं.

हा लेख नुकतेच रुजू झालेले डिप्लोमा इंजिनिअर, सर्व्हेअर, माइनिंग सरदार आणि ओबी (कोळशावरचे माती-खडक) काढणाऱ्या ठेकेदाराकडचे सुपरवायझर यांच्यासाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. साइटवर शॉवेल (खणणारं यंत्र) येण्याआधी पाण्याचा निचरा आणि मोजणीचे खुंट आले पाहिजेत. हा क्रम उलटा झाला, तर नंतर कितीही महागडी यंत्रणा आणली तरी ती मागून धावत राहते.

1. खणण्याआधी जमीन समजून घ्या

वर्धा खोऱ्यात वरून खाली जाताना साधारणपणे काळी माती आणि गाळाचे थर, त्याखाली कामठी वालुकाश्म, काही ठिकाणी मोतूरच्या चिकणमाती, आणि मग कोळसा धरणारा बराकार असा क्रम लागतो. कुठे सगळ्यांत वर दख्खनचा बेसॉल्टही भेटतो. नकाशावर ही नुसती नावं असली, तरी प्रत्येक थर उतारात वेगळा वागतो. कामठी वालुकाश्म सच्छिद्र आहे, तो भरपूर पाणी धरतो. त्याच्याखाली चिकणमातीचा थर आला की पाणी तिथे अडतं, तो थर बुळबुळीत होतो आणि वरचा सगळा भार त्याच्यावरून घसरू पाहतो. म्हणून बोअरहोलची नोंद वाचताना फक्त कोळशाची जाडी पाहू नका. एखाद्या ओळीत ‘20 सेंटिमीटर चिकणमाती’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि पुढे सगळा उतार त्याच एका पातळ थरावर हलतो.

थरांचा कल कोणत्या दिशेला आहे ते नकाशावर ठळक रंगवा. थर खड्ड्याच्या दिशेने उतरत असतील त्या बाजूला जास्त सावध राहायचं. दोन भेगा एकमेकींना छेदून पाचरीसारखा तुकडा सुटा करत असतील तर तीही खूण करा. फॉल्ट (खडक तुटून सरकलेली रेघ) कुठे आहे, जवळपास जुन्या भूमिगत खाणीच्या गॅलऱ्या (बोगदे) आहेत का, हेही याच टप्प्यावर तपासायचं. जुनी गॅलरी बेंचच्या (खाणीतल्या पायरीच्या) खाली निघाली तर जमीन कधी खचेल याचा भरवसा नसतो. गॅलरीत उरलेला कोळसा हवा लागून आतल्या आत तापू शकतो, ते निराळंच.

यानंतर एक काम करा, जे कुठल्याही नमुन्यात छापलेलं नसतं. ज्यांची जमीन संपादित झाली आहे त्या शेतकऱ्यांबरोबर शिवार फिरा. कोणत्या वावरात ऑगस्टात पाणी साचून राहतं, कोणती विहीर पावसाळ्यात काठोकाठ भरते, जुना नाला कुठून वाहायचा आणि कधी बुजवला, हे त्यांना पाठ असतं. ही माहिती पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजणारी उपकरणं) कुठे बसवायचे ते ठरवताना थेट उपयोगी पडते.

कायद्याचं इथेच लक्षात घ्या. कोळसा खाण विनियम 2017 मधल्या विनियम 106 प्रमाणे यांत्रिक खुली खाण सुरू करण्याआधी खड्ड्याचा अंतिम उतार, डंपचा (ओबीच्या ढिगाऱ्याचा) उतार आणि उतारावर नजर ठेवण्याची पद्धत शास्त्रीय अभ्यासावरून ठरलेली असावी लागते. तो अहवाल मॅनेजरच्या कपाटात असतो. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तो मागून वाचा. त्यातले उताराचे कोन कोणती भूजल पातळी धरून काढले आहेत ते शोधा. प्रत्यक्षात पाणी त्याहून वर असेल, तर ते कोन तुमच्या साइटला लागू होत नाहीत.

2. पाण्याची वाट आधी काढा

उतार टिकतो तो कणाकणांतल्या घर्षणावर. भेगांत आणि छिद्रांत पाणी भरलं की ते आतून दाब देतं आणि घर्षण कमी होतं. पाण्याची पातळी एक मीटर वाढली की हा दाब सुमारे 10 किलोपास्कलने वाढतो. उताराचा आकार तोच, माती तीच, आणि मेमध्ये ठाम उभी असलेली बाजू जुलैत सरकते ती याच कारणाने.

चंद्रपूरला वर्षाला 1200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हिशेब करून पाहा. एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1000 घनमीटर, म्हणजे 10 लाख लिटर पाणी. खड्ड्याकडे उतरणारं क्षेत्र 50 हेक्टर असेल तर एका मोठ्या पावसात 5 कोटी लिटर. त्यातलं काही जमिनीत मुरेल, पण जे मुरतं तेच पुढे उताराला त्रास देतं.

म्हणून बॉक्स कटच्या चारही बाजूंनी गार्लंड ड्रेन (पाणी अडवून वळवणारी चर) खणा, आणि तो मृग लागायच्या आत पूर्ण करा. तो क्रेस्टच्या (उताराच्या वरच्या काठाच्या) अगदी कडेला नको, मागे घ्या. काळ्या मातीत उघडी चर ठेवली तर तिच्यातूनच पाणी उतारात झिरपतं, तेव्हा तळाला अस्तर हवं. चरीला सलग उतार द्या, कुठेही डबकं राहता कामा नये. चरीतलं पाणी शेवटी कुठे जातं ते स्वतः चालत जाऊन बघा. पुढच्या वळणावर हॉल रोडच्या (डंपरच्या रस्त्याच्या) कामात टाकलेल्या भरावाने चर बुजलेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे. आणि चरीतलं गढूळ पाणी आधी गाळ बसण्याच्या टाकीत न्या, थेट नाल्यात सोडू नका. खाली लोकांची शेती आहे.

बेंचचा पृष्ठभाग किंचित आतल्या बाजूला, भिंतीकडे उतरता ठेवा आणि तिथे छोटी चर काढा, म्हणजे पाणी कडेवरून खाली ओघळत नाही. खड्ड्याच्या सर्वात खोल भागात संप (पाणी गोळा करायचा खड्डा) करा आणि पंपाला डिझेलवर चालणारी पर्यायी व्यवस्था ठेवा, कारण मोठ्या पावसात वीज जातेच. आतल्या पाण्यासाठी भिंतीत किंचित वर चढती आडवी भोकं पाडून सच्छिद्र पाइप घालतात. पाणी आपोआप बाहेर येतं. कामठी वालुकाश्मात मात्र कधीकधी एवढ्याने भागत नाही, खड्ड्याबाहेर नलिकाकूप घेऊन पाणी आधीच उपसावं लागतं.

वर्धा, पैनगंगा किंवा इरई नदीच्या जवळ काम असेल तर पुराचा बांध आजवरच्या सर्वोच्च पूरपातळीहून उंच हवा. तो बांध हासुद्धा एक उतारच आहे. त्याच्यावरही खुंट बसवा.

3. कट काढताना

माती, मुरूम, चिकणमाती अशा थरांत बाजूचा उतार 45 अंशांपेक्षा जास्त नको, किंवा दीड मीटरपर्यंत उंचीच्या पायऱ्या कराव्यात आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी, असा विनियमांचा दंडक आहे. यंत्राने काम करताना परवानगीत वेगळी मापं असू शकतात. तुमच्या खाणीचं परवानगीपत्र पाहा. 45 अंश ही वरची मर्यादा आहे. ओल्या काळ्या मातीत त्याहून बराच सपाट उतार लागतो.

काम वरून खाली, एकेक बेंच पूर्ण करत न्यायचं. वरचा बेंच मागे सारलेला नसताना खालून शॉवेलने पाय काढणं हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात घातक शॉर्टकट आहे. बाजार समितीत पोत्यांच्या थप्पीतलं खालचं पोतं कोणी ओढत नाही. उताराचा टो (पायथा) म्हणजे तेच खालचं पोतं. एका बाजूला उत्पादनाचं टार्गेट असतं आणि दुसऱ्या बाजूला टोजवळ सहज मिळणारा माल, त्यामुळे ऑपरेटरला हा मोह होतो. त्याला दोष देण्याआधी, वरचा बेंच वेळेत मागे नेण्याचं नियोजन केलं होतं का, हे बघा.

खडकात स्फोटामुळे भिंतीच्या आत भेगा पडतात. अंतिम भिंतीजवळ प्री-स्प्लिट करून घ्या, म्हणजे जवळजवळ भोकं, त्यात हलका चार्ज, आणि ती मुख्य स्फोटाआधी उडवायची. स्फोटानंतर सुटे दगड उतरवल्याशिवाय खाली माणूस पाठवायचा नाही.

क्रेस्टजवळ ओबीचा ढीग, डिझेल टँकर किंवा बंद पडलेला डंपर उभा करू नका. वरचा प्रत्येक टन खाली ढकलणाऱ्या बाजूला जातो.

4. पहिला डंप

नव्या खाणीत आत जागा नसते, त्यामुळे पहिला डंप बाहेर, मूळ जमिनीवर होतो. ती जमीन काळ्या मातीची असेल तर आधी माती काढा. पुढे झाडं लावायला ती लागणारच आहे, वेगळी साठवा. काळी माती तशीच ठेवून तिच्यावर डंप चढवला की पावसात ती फुगते, तिचा जोर जातो आणि अख्खा डंप तळातून पुढे सरकतो. ओबीमध्येही काळी माती एकाच जागी, सलग थर करून टाकू नका. टणक खडकाचा माल तळाला आणि बाहेरच्या कडेला, मऊ माल आत, असा क्रम ठेवा.

जुन्या नाल्यावर, झऱ्यावर, पाणथळ जागेवर डंप करायचा नाही. वेल्समधल्या ॲबरफॅन गावावर 21 ऑक्टोबर 1966 ला कोळसा खाणीचा जो ढिगारा कोसळला, तो झऱ्यांवर रचलेला होता. 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं. नकाशावर झरे दाखवलेले होते. दुसरी जागा खरोखरच नसेल तर नाला रीतसर वळवा आणि तळात मोठ्या दगडांचा निचऱ्याचा थर द्या.

आकड्यांचं बघू. डंपचा उतार मालाच्या नैसर्गिक कोनाइतका, पण कोणत्याही परिस्थितीत 37.5 अंशांपेक्षा जास्त नाही. एका डेकची (डंपच्या एका पायरीची) उंची 30 मीटरपर्यंत. आणि एकूण उतार 1 उभा, 1.5 आडवा याहून तीव्र नाही, म्हणजे सुमारे 34 अंश. आता 30 मीटरचे तीन डेक 37.5 अंशांवर रचले आणि मध्ये 30-30 मीटरचे दोन बर्म (सपाट पट्टे) सोडले, तर एकूण उतार 27 अंशांच्या आसपास येतो. बर्म 9 मीटरपर्यंत आकसले की तुम्ही थेट मर्यादेवर येता. जागा कमी पडायला लागली की सगळ्यात आधी बर्मच खाल्ले जातात. दर महिन्याच्या सर्व्हेत ते मोजा.

पुढे कोळसा निघालेल्या जागेत आतला डंप सुरू होईल. तिथे तळावरचा गाळ आणि साचलेलं पाणी काढल्याशिवाय एकही डंपर खाली करू नका. तळ गुळगुळीत आणि कलता असेल तर तो स्फोटाने खडबडीत करून घेतात, म्हणजे मालाला पकड मिळते.

पाऊस नाही म्हणून डंप शांत राहील असं धरू नका. झारखंडमधल्या राजमहल खाणीत 29 डिसेंबर 2016 ला, ऐन थंडीत, ओबीचा प्रचंड भाग सरकून 23 कामगार गाडले गेले. तळाचा थर आणि टोची स्थिती बारा महिने बघायची असते.

5. नजर ठेवणं

सुरुवात डोळ्यांनी. प्रत्येक शिफ्टच्या आरंभी उजेडात क्रेस्ट आणि टो दोन्ही चालून बघायचे. काय बघायचं? क्रेस्टमागे नवी भेग, टोजवळ जमिनीचा फुगवटा, अचानक सुरू झालेला किंवा अचानक बंद झालेला पाझर, स्वच्छ पाझराचं गढूळ होणं, बारीक खडे सतत गळणं, कललेला विजेचा खांब, वाकलेली चर. गार्लंड ड्रेनमध्ये पाणी येतंय पण पुढे पोचत नाही, तर ते मध्येच एखाद्या भेगेत शिरत असतं.

काळ्या मातीच्या प्रदेशात एक अडचण खास आपली आहे. उन्हाळ्यात ही माती वाळून जागोजाग भेगाळते आणि नव्या माणसाला प्रत्येक भेग धोक्याची वाटते. मग काही दिवसांनी कोणतीच वाटत नाही. दोन्हींत फरक करायला शिका. वाळण्याच्या भेगा जाळीसारख्या असतात, सगळ्या दिशांना जातात, आणि दोन्ही काठ एका पातळीत असतात. ताणाची भेग लांब जाते, क्रेस्टला समांतर किंवा खड्ड्याकडे उघडणारी कमान करते, आणि तिचा खड्ड्याकडचा काठ खाली बसलेला असतो. काठावर पाय ठेवून पातळीतला फरक शोधू नका; दोन्ही बाजूंना सुरक्षित अंतरावर खुंट ठोका, लांबून लेव्हल घ्या.

खुंटांची पद्धत साधी आहे आणि आजही तितकीच कामाची आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट, त्यावर खिळ्याने खूण, स्टीलच्या टेपने अंतर, ठरलेल्या वेळी. अंतराबरोबर उंचीतला फरकही लिहा. तार, कप्पी आणि वजन वापरून याचंच स्वयंचलित रूप करता येतं: तार ठरावीक मापाबाहेर ओढली गेली की भोंगा वाजतो.

त्यानंतर प्रिझम (उतारावर बसवलेले परावर्तक). त्यांची जागा मोजणाऱ्या टोटल स्टेशनचा आधारबिंदू अशा जमिनीवर हवा जी खात्रीने हलत नाही. खड्ड्याच्या कडेला आधार घेतला तर आधार आणि उतार दोन्ही मिळून सरकतात आणि कागदावर सगळं स्थिर दिसतं. रीडिंग रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी घ्या. विदर्भातल्या उन्हात दुपारी हवा थरथरते आणि काही मिलिमीटरची चूक सहज येते. जमिनीखाली किती खोलीवर हालचाल आहे हे इनक्लिनोमीटर सांगतो, पाण्याची पातळी पिझोमीटर. मोठ्या खाणीत स्लोप स्टॅबिलिटी रडार असतं, ते मिलिमीटरहून कमी हालचालही पकडतं. ते असेल तर उत्तमच, पण त्याच्या पडद्यासमोर रात्री तीन वाजता जागा असलेला, प्रशिक्षित माणूस हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकूण किती सरकलं यापेक्षा सरकण्याचा वेग वाढतोय का, हे पाहायचं. वर्षभरात 200 मिलिमीटर सावकाश बसलेला डंप उभा राहू शकतो, आणि चार दिवसांत 40 मिलिमीटर गेलेली भिंत पाचव्या दिवशी नसते. त्यासाठी जपानी संशोधक फुकुझोनो यांनी 1985 मध्ये मांडलेली पद्धत हाताने करता येते. रोजच्या वेगाचा व्यस्त (1 भागिले वेग) काढा. समजा सलग चार दिवस वेग दिवसाला 5, 6.7, 10 आणि 20 मिलिमीटर आला. व्यस्त होतात 0.20, 0.15, 0.10, 0.05. आलेखावर सरळ रेघ येते आणि ती पाचव्या दिवशी शून्याला टेकते. तोच कोसळण्याचा अंदाजे दिवस. पाऊस पडला किंवा कोणी टो खणला तर रेघ आणखी खाली वळते, म्हणून हा अंदाज उशिरातला उशिरा मुहूर्त समजून वागायचं, आणि माणसं त्याच्या कितीतरी आधी बाहेर काढायची.

हे प्रत्यक्षात जमतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात बिंगहॅम कॅन्यन तांब्याच्या खाणीत 10 एप्रिल 2013 ला दहा कोटी टनांहून जास्त खडक कोसळला. हालचाल कित्येक आठवडे मोजली जात होती, वेग वाढल्यावर खड्डा आधीच रिकामा केला होता. एकही माणूस जखमी झाला नाही.

6. कोणत्या आकड्याला कोण काय करणार

हे आधीच कागदावर लिहून, मॅनेजरच्या सहीने, शिफ्ट ऑफिसच्या भिंतीवर लावा. हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे चार टप्पे पुरतात. हिरव्यात नेहमीची मोजणी. पिवळ्यात दोन मोजण्यांमधला वेळ निम्म्यावर आणायचा आणि जिओटेक्निकल इंजिनिअरला कळवायचं. केशरीत त्या बाजूचं काम बंद, यंत्रं मागे. लाल झाला की सगळे बाहेर, हॉल रोडवर अडथळा. प्रत्येक टप्प्याचा वेग तुमच्या खाणीतल्या खडकावरून आणि सुरुवातीच्या महिन्यांच्या नोंदींवरून ठरतो. शेजारच्या खाणीतला आकडा उचलू नका.

त्या कागदावर एक वाक्य हवंच: शिफ्टमधला सरदार कोणालाही न विचारता जागा रिकामी करू शकतो, आणि त्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही. परवानगीसाठी फोन लावण्यात गेलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत.

ओबीचं काम बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे असतं आणि ऑपरेटर बिहार, झारखंड, तेलंगणा असे लांबून आलेले असतात. सूचना मराठीसोबत हिंदीत आणि तेलुगूतही द्या. भोंग्याचा आवाज डंपरच्या बंद केबिनमध्ये ऐकू येतो का ते इंजिन चालू ठेवून तपासा, आणि सराव रात्रपाळीतही घ्या.

7. उतार हलायला लागलाच तर

आधी माणसं. मग पाणी: भेगेत वरून येणारं पाणी वळवा, भेग चिकणमातीने बुजवा किंवा प्लास्टिकने झाका, पण हे वेग कमी असतानाच आणि कोणीतरी सतत मोजत असतानाच. त्यानंतर वरचा भार कमी करणं, मागच्या स्थिर जमिनीवरून, सरकणाऱ्या भागावर यंत्र न नेता. शेवटी टोला मोठ्या दगडांचा आधार. तो निचरा होणारा हवा. चिकणमातीचा भराव टाकला तर आतलं पाणी कोंडून उलटाच परिणाम होतो. छोट्या खडकाळ तुकड्याला बोल्ट, जाळी आणि शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) चालतं, शॉटक्रीटमागे पाणी जायला नळ्या ठेवून. अख्ख्या मातीच्या बाजूला शॉटक्रीट फासून काही साधत नाही.

घसरून खाली आलेला माल रस्ता मोकळा करायचा म्हणून लगेच उचलू नका. तोच त्या क्षणी टोला धरून असतो. तो काढला की पुढचा भाग येतो, आणि तेव्हा तिथे लोडर आणि ऑपरेटर असतो.

काम पुन्हा सुरू करायचा निर्णय दिवसाउजेडी घ्यावा. सलग रीडिंगमध्ये वेग पिवळ्या टप्प्याच्या खाली आलेला, पिझोमीटरची पातळी उतरलेली, क्रेस्ट आणि टो सक्षम व्यक्तीने पाहिलेले, आणि हे सगळं तारीख-वेळेसह नोंदवहीत. पहिल्या शिफ्टला फक्त टोच्या जागेपासून दूरचं काम, एक माणूस निव्वळ निरीक्षणाला, त्याच्या हातात वॉकी-टॉकी. पुन्हा जोराचा पाऊस आला तर हे सगळं पहिल्यापासून.